नळीचा स्प्रिंगकाटा: बल आणि कार्य घरच्या घरी मोजण्यासाठी

महाराष्ट्राच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील पहिली दोन प्रकरणे गतीचे नियम आणि कार्य व ऊर्जा यांची आहेत. मुले त्यांतील सूत्रे पाठ करतात आणि उदाहरणेही सोडवतात, पण एक न्यूटन बल हाताला किती जाणवते हे विचारले की बहुतेकांना सांगता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मी भाचीकरिता प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून पारदर्शक नळीचे दोन स्प्रिंगकाटे आणले, एक १० न्यूटनपर्यंत मोजणारा आणि दुसरा ५० न्यूटनपर्यंतचा. दोन्ही मिळून पाचशे रुपयांच्या आत आले. एवढ्या पैशांत याहून उपयुक्त शैक्षणिक साधन माझ्या तरी पाहण्यात नाही. मात्र त्यात काही दोष आहेत आणि ते ठाऊक असल्याशिवाय ते वापरू नये.

रचना अगदी साधी आहे. नळीत एक स्प्रिंग असते, खाली आकडा असतो, आणि ओढ जितकी वाढेल तितकाच दर्शक खाली सरकतो. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा नियम इथे डोळ्यांसमोर दिसतो, कारण पट्टीवरील सर्व घरे सारख्या अंतरावर आहेत.

आम्ही सर्वप्रथम दप्तर लावले. चार किलोचे दप्तर ५० न्यूटनच्या काट्याला अडकवून स्थिर धरले, तेव्हा दर्शक ३९ च्या आसपास थांबला. तेच दप्तर झटक्याने वर उचलले की दर्शक क्षणभर ४५ च्या पलीकडे जातो, हात सारख्या वेगाने वर जात असताना पुन्हा ३९ वर येतो आणि हात थांबताना त्याहून खाली उतरतो. वेग बदलायचा तर जादा बल लागते हा न्यूटनचा दुसरा नियम इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी कृती मला माहीत नाही. दप्तर दीड मीटर उंचीच्या फळीवर ठेवले, तर त्यावर सुमारे ५९ ज्यूल कार्य (बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन) होते. ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढी ऊर्जा साडेसहा सेकंदांत वापरतो, हे सांगितल्यावर ज्यूल किती लहान आहे याचा अंदाज येतो.

याच दप्तराने सर्वांत मोठा गैरसमजही दूर केला. दप्तर नुसते हातात धरून उभे राहिले, तर काटा ३९ न्यूटन दाखवत राहतो आणि काही वेळाने दंड भरून येतो, तरीही दप्तराचे विस्थापन शून्य असल्यामुळे त्यावर झालेले कार्य शून्यच असते. मग थकवा कशाचा, हा भाचीचा प्रश्न रास्त होता. स्नायू ताणलेला ठेवण्यासाठी त्यातील तंतूंना सतत आकुंचन पावावे लागते, त्यात शरीराची रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. दप्तराला त्यातले काहीच मिळत नाही.

घर्षणासाठी आम्ही पाटावर तांदळाचा डबा ठेवून तो शहाबादी फरशीवरून दोरीने ओढला. पाट हलेपर्यंत दर्शक १६ न्यूटनपर्यंत चढला आणि पाट सरकू लागताच १२ वर उतरला, म्हणजे स्थितिक आणि गतिक घर्षणातील फरक काट्यावर सरळ वाचता आला. सामान मोजण्याचे डिजिटल काटे इथे उपयोगी पडत नाहीत, कारण आकडा स्थिर झाल्यावरच ते तो दाखवतात आणि नेमका तो चढ-उतार हातून निसटतो.

सर्वांत आवडलेला प्रयोग पावसाळ्यात फुगून जमिनीला घासणाऱ्या दाराचा. बिजागरीपासून ७० सेंटीमीटरवर दोरी बांधून, ती दाराशी सतत काटकोनात ठेवून ओढल्यास १२ न्यूटन लागले. ३५ सेंटीमीटरवर लावलेल्या हुकाला धरून ओढल्यास जवळपास २४. बल दुप्पट झाले, पण दार पाव फेरी उघडताना हाताने कापलेले अंतर १.१ मीटरवरून निम्म्यावर आले, आणि दोन्ही वेळा कार्य सुमारे १३ ज्यूलच भरले. दाराची मूठ बिजागरीपासून दूर का बसवतात, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आता दोष. १० न्यूटनच्या काट्यावर एका बाजूला ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन छापलेले आहेत. एक किलो मिठाची पिशवी लावली की दर्शक १००० ग्रॅमवर थांबतो, पण त्याच्यासमोर १० न्यूटन लिहिलेले आहे. तिथे ९.८ हवे होते. त्या पट्टीचे एक घर ०.२ न्यूटनचे असल्यामुळे चूक नेमकी एका घराची होते, आणि शिकण्याच्या साधनावर अशी छपाई असणे मला गैर वाटते. दुसरी अडचण काटा आडवा धरल्यावर येते: उभ्या स्थितीत आकड्याचे स्वतःचे वजन स्प्रिंगला ओढत असते, आडव्या स्थितीत ते ओढत नाही, त्यामुळे दर्शक शून्याच्याही मागे सरकतो. शून्य जुळवण्याची चकती ५० न्यूटनच्या काट्याला आहे. जिथे तिची खरी गरज आहे त्या लहान काट्याला मात्र नाही. पाट किंवा दार ओढण्यासाठी काटा घेणार असाल, तर ही चकती असलेलाच मागून घ्यावा.

दोन्हींपैकी एकच घ्यायचा झाल्यास ५० न्यूटनचा घ्यावा, कारण दप्तर, दार आणि पाट या तिन्हींना तो पुरतो. पाच किलोंहून जड वस्तू त्याला कधीही लावू नये. स्प्रिंग एकदा मर्यादेपलीकडे ताणली गेली की ती मूळ लांबीवर परत येत नाही आणि त्यानंतरचे प्रत्येक माप चुकत राहते.