आधी मधली फळी भरा, मग पट्ट्याचं बघा: टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग २०२०, बरेच महिने खेळल्यावर

पहिलंच सांगून ठेवतो, या गेममध्ये कुणाला उचलून आपटायला मिळत नाही. थ्रीडी नाही, एंट्रीचं म्युझिक नाही. समोर तक्ते, हातात माऊस. घरच्यांना वाटतं पोरगा जीएसटीचा रिटर्न भरतोय.

ॲडम रायलंड यांनी केलेला, ग्रे डॉग सॉफ्टवेअरचा हा गेम निकाल आधी ठरलेल्या शोच्या कुस्तीचा आहे आणि सगळा मजकुरावर चालतो. तुम्ही पैलवान नाही, बुकर, म्हणजे शो ठरवणारा माणूस. कुणाला घ्यायचं, किती पैशाला घ्यायचं, कुणाशी कुणाची लावायची आणि कोण जिंकणार, हे तुम्ही ठरवायचं. शो झाला की प्रत्येक कुस्तीला शंभरपैकी मार्क पडतात, आणि त्यावर तुमच्या कंपनीची लोकप्रियता चढते किंवा उतरते.

आमच्या बेळगाव भागातल्या माणसाला यातलं निम्मं डोकं आधीच असतं. येळ्ळूरच्या यात्रेतलं मैदान घ्या. दुपारी बारकी पोरं मातीत उतरतात, मग चढत्या नंबरानं जोडी लागत जातात आणि दिवस मावळता मावळता एक नंबरची कुस्ती. मधल्या जोडी रटाळ झाल्या की लोक उठून चहा-भज्याकडे जातात आणि मोठ्या पैलवानाचा शड्डू निम्म्या मैदानापुढं वाजतो. कमिटीतली जाणती माणसं म्हणूनच चार नंबरच्या कुस्तीवरनं जास्त भांडतात. या गेमला नेमकं तेच भांडण कळतं.

आता शो बघा. मार्कांचा मोठा वाटा शेवटच्या मोठ्या कुस्तीवर जातो. साहजिकच नवा खेळाडू सगळे पैसे दोन स्टारांवर घालतो आणि तीच जोड परत परत लावतो. पब्लिकला कंटाळा येतो, मार्क घसरतात. त्यात एकाचा गुडघा गेला की दुसऱ्यासमोर उभं करायला माणूसच नाही. वरची जोडी एवढी महत्त्वाची आहे म्हणूनच तिच्या मागं तयार होत असलेले चार जण लागतात. २०२०च्या आवृत्तीत 'पर्सेप्शन', म्हणजे लोकांच्या नजरेतली किंमत, म्हणून पायऱ्या आहेत, वरनं खाली: मेजर स्टार, स्टार, वेल नोन, रेकग्नायझेबल, अनइम्पॉर्टंट. ही तुम्ही मनानं लावू शकत नाही, लोकप्रियता आणि मोमेंटम (सध्याची चढती-उतरती हवा) बघून गेमच लावतो. म्हणजे कुणाला मोठं करायचं असेल तर जिंकवून, नीट जोड देऊन, महिनोन् महिने वर आणावं लागतं. माझ्या हिशेबानं रोस्टर, म्हणजे आपल्या पैलवानांची यादी, तपासताना सगळ्यात आधी 'वेल नोन'ची ओळ मोजावी. तिथं माणसं कमी दिसली तर वर कितीही चमक असली तरी वर्षभरात अडचण येणार.

दुसरी गोष्ट फेस आणि हील, म्हणजे पब्लिकचा हिरो आणि व्हिलन. आमच्या मैदानात व्हिलन नसतो, आपल्या गावचा तो आपला आणि पुढच्या गावचा तो पुढचा, एवढ्यावर भागतं. गेममध्ये तसं चालत नाही. काही प्रॉडक्टमध्ये (कंपनी कुठल्या धाटणीचा शो करते ते) दोन फेस एकमेकांसमोर आणले की मार्क कापले जातात. त्यामुळं घ्यायचा तो माणूस 'कुणासमोर' हे बघूनच घ्यायचा. माझ्याकडं मायक्रोफोनवर आग लावणारे हील भरपूर झाले होते, मग हवेतनं उड्या मारणारा एक फेस स्वस्तात आणला, आणि तीन हीलना एकदम काम लागलं.

मी डेटाबेस एडिटरमधनं स्वतःची कंपनी केली आहे. भारत हा यात वेगळा गेम एरिया आहे, हे मला लई आवडलं. निपाणीचा तंबाखूवाला शेटजी, खानापूरच्या रानातनं आलेला मुका राक्षस, अशी पात्रं बसवली. एक शो सांगतो. राक्षसाचं ब्रॉलिंग (हाणामारी) आणि स्टार क्वालिटी दांडगी, सायकॉलॉजी (कुस्ती रंगवायची समज) आणि स्टॅमिना शून्यात जमा. त्याला शेवटच्या नंबरावर वीस मिनिटं दिली असती तर सगळा शो बुडाला असता. म्हणून तीन नंबरला, पाच मिनिटं, एकतर्फी. समोर मार खायला चांगलं सेलिंग, म्हणजे मार लागल्याचं सोंग, येणारा जुना गडी. मार्क बेताचेच, पण राक्षसाचा मोमेंटम वर गेला आणि जुन्या गड्याचं काही बिघडलं नाही, कारण त्याचं काम तेच होतं. याच शोला दोन तरबेज टेक्निकल पैलवानांची जोड मात्र फसली. रिपोर्टात ओळ आली, दोघांची केमिस्ट्रीच नाही. ही लपलेली गोष्ट असते, लावून बघितल्याशिवाय कळत नाही. चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी लावायच्या जोडी आधी खालच्या नंबरावर समोरासमोर आणून तपासाव्यात.

जुन्या गड्यांबद्दल थोडं जास्त बोलतो. वय झालं की यात अंगातली कसबं उतरतात, सायकॉलॉजी टिकते. पोरं अशा माणसासमोर उतरली की लवकर शिकतात. तालमीत वस्ताद लागतो तसे दोन-तीन ठेवा, पट्टा त्यांना देऊ नका. टॅग टीम, म्हणजे दोघा-दोघांच्या जोड्या, दोन-तीन असल्या तरी पुरे, पण मोडू नका, एकत्र राहिल्या की त्यांचा अनुभव वाढतो. बायकांचा विभाग काढायचा तर नीट जोडी लागतील एवढ्या पैलवान घ्या, नाहीतर काढूच नका.

रेफरी, कॉमेंटेटर, रोड एजंट (पडद्यामागं कुस्ती आखून देणारा) यांच्यावर पैसे वाचवू नका. मैदानात निवेदक मिळमिळीत असला तर कुस्ती कशी पडते हे सांगायला नको. इथंही कच्चा कॉमेंटेटर चांगल्या कुस्तीचे मार्क खातो.

आता तक्रारी. इंग्रजी मजकूर डोंगराएवढा आहे, पहिले काही दिवस नुसतं वाचन. मोठा डेटाबेस घेतला तर जुन्या लॅपटॉपवर एक दिवस पुढं सरकायला वेळ लागतो आणि तेवढ्यात लाईट गेली की सेव्ह केलं होतं का, हे आठवत बसायचं. मूळ डेटाबेसमधलं जग काल्पनिक आहे. खरे पैलवान हवे असतील तर चाहत्यांनी केलेले मॉड, म्हणजे बदललेले डेटाबेस, शोधून घालावे लागतात. आणि मातीची कुस्ती यात नाहीच. निकालच आधी ठरवायचा असल्यावर ती असणार कशी म्हणा! जवळात जवळ नेणारं 'टेक्निकल' आणि 'ब्रॉलिंग', बस्स. ढाक, घुटना, कलाजंग हे मातीतले डाव विसरा.

एकट्यानं न खेळता दोघांत खेळाल तर खरी गंमत, एकाच सेव्हमध्ये दोन कंपन्या दोन माणसं चालवू शकतात. हुक्केरीचा माझा एक कन्नड दोस्त दुसरी कंपनी चालवायला शनिवारी येतो, स्क्रीनकडं बघत 'यारू गेल्ताने' (कोण जिंकतो) विचारतो आणि गुपचूप माझी माणसं हेरून जातो. हजेरीवर पैसे घेणारे पैलवान एक्सक्ल्युझिव्ह नसतात, त्यांना कोणीही पळवू शकतो. लेखी करार महाग पडतो, म्हणून सगळ्यांना बांधता येत नाही; मी वरच्या दोघांना आणि 'वेल नोन'मधल्या तिघांना बांधलंय. गेल्या शनिवारी त्यानं माझा उड्या मारणारा फेस उचलला. आता माझे तीन हील परत रिकामे बसलेत आणि मी त्याच्या रोस्टरमधला कुठला फेस अजून हजेरीवर आहे ते बघतोय.