दोन बेल्ट जाळून झाल्यावर हे गॅरेज सापडलं (पाचपैकी चार स्टार)

नागावच्या किनाऱ्यावर ज्यांच्या क्वाड बाईक आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. गॅरेज अलिबागकडून पेणला जाताना पोयनाडच्या पुढे आहे, पाटी नाही. टायरच्या ढिगामागे निळा पत्रा दिसला की थांबायचं.

आमच्या दोन गाड्या आहेत. दुसरी, ५०० सीसीची, मुलाने गेल्या ऑक्टोबरात मनालीजवळच्या सोलंगहून आणली. तिकडे बर्फावर पर्यटकांना फिरवायची म्हणे. दिसायला देखणी, पण वाळूत घातली की नुसता आरडाओरडा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंब मारणार आणि गाडी जागच्या जागी. थोड्याच दिवसांत दोन बेल्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारे रबरी पट्टे, जळाले. त्या रबराचा वास पार आमच्या ओटीवर यायचा, राहायला आलेले पाहुणे विचारायचे, काकू, कचरा पेटवलाय का?

आधी ज्याला दाखवली त्याचं नाव घेत नाही. त्याने सांगितलं बेल्ट सैल आहे, आणि मागच्या पुलीतले दोन वायसर काढून टाकले. त्यामुळे पुलीच्या दोन बशा जवळ आल्या आणि बेल्ट वर चढून ताठ बसला. मग नवीनच भानगड सुरू झाली. गाडी नुसती चालू करून ठेवली तरी आपसूक पुढे सरकायची, आणि न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकताना खाडकन आवाज. एका गिऱ्हाइकाने पोराला बसवून फोटोसाठी ब्रेक सोडला, तर गाडी चालायलाच लागली. मुलगा धावला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून गाडी नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी झाकून ठेवली होती.

या गॅरेजात टेम्पोतून उतरवली तेव्हा इथल्या मेकॅनिक पोराने पाना हातात घेतलाच नाही. आधी अंगणात एक चक्कर मारली, मग विचारलं, "काकू, ही गाडी घाटावर चालायची का?" म्हटलं, घाटावर कसली, हिमाचलात! तर हसला आणि म्हणाला, "मग बेल्टाला कशाला बोल लावताय?"

त्याने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. ॲक्टिव्हात असतो तोच प्रकार, फक्त दांडगा. पुढची पुली इंजिनवर, मागची गिअरबॉक्सवर, मध्ये बेल्ट. पुढच्या पुलीत तीन छोटी वजनं असतात. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगला न जुमानता पुली मिटवतात, तसा बेल्ट वर चढतो. सोलंग समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटरवर. तिथे हवा विरळ, इंजिनाचा पाव भाग जोर तसाच जातो, म्हणून तिकडचे लोक हलकी वजनं घालतात. खाली नागावला इंजिनात पुरा जोर परत आला आणि वजनं तीच राहिली. पुली मिटायला उशीर, तोवर इंजिन ओरडतंय. "पेट्रोलचं गणित गाडीतला कॉम्प्युटर आपोआप जुळवतो, काकू. वजनांना कोण सांगणार?" हे वाक्य मी मुलाला चारदा ऐकवलं.

तो काम करत असताना मी बाजूलाच स्टुलावर बसले होते. खोलण्याआधी पुलीवर आणि झाकणावर मार्करने खुणा केल्या, परत जोडताना त्याच जागी बसावं म्हणून, नाहीतर तोल जाऊन थरथर येते. बेल्ट काढून मला दाखवला: एकाच जागी बारीक कंबर निघालेली. गाडी रुतलेली असताना ॲक्सिलरेटर दाबून धरला की पुली एकाच जागी घासत राहते, त्याची ती खूण. शिवाय बेल्ट उलटा बसवलेला, बाण मागे. क्लचला, म्हणजे या पुल्यांनाच, हवा पुरवणाऱ्या नळीतून तर कुंभारीण माशीचं मातीचं घरटं निघालं! हवाच जात नव्हती, बेल्ट तापणार नाही तर काय.

काढलेले वायसर मी डब्यात जपून ठेवले होते, ते परत घातले. दोन पुल्यांवर स्टीलची पट्टी ठेवून मधला बेल्ट खाली दाबला आणि झोळ मोजला. मॅन्युअलमध्ये सव्वा इंच होता तेवढाच आणला. पुल्या ब्रेक क्लीनरने पुसल्या, ग्रीसचा थेंबही लावू दिला नाही. मुलगा लावायला निघाला होता, त्याचा हात धरला. नवी वजनं आली तेव्हा तिन्ही सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर तोलली, कारण एक जरी कमीजास्त असलं तरी पुली डगमगते.

शेवटची गंमत म्हणजे पुलीच्या आतल्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत मार्करची रेघ ओढली आणि मुलाला शेताडीतून गाडी दामटायला पाठवलं. परत आल्यावर रेघ कुठवर पुसली गेली त्यावरून बेल्ट किती वर चढतो ते कळलं. आधी इंजिन मिनिटाला ६,७०० फेऱ्यांपर्यंत चढून अडखळायचं. आता पूर्ण दाबून ६,२०० ला स्थिरावतं, आणि आयडलला गाडी गपगुमान उभी राहते.

नव्या बेल्टवर पहिले ५० किलोमीटर जोर करू नका, हे त्याने बजावलं. मऊ वाळूत आणि दोन माणसं बसली की लो गिअर लावायचा. पाण्यातून आलात तर क्लचच्या झाकणाखालचं बूच काढून पाणी सोडा. आम्हाला ते बूच आहे हेच ठाऊक नव्हतं.

आता तक्रारी. फोन उचलत नाही. दोन दिवस सांगून नऊ लागले, वजनं कुरिअरने यायची होती हे कबूल, पण एक निरोप धाडायला काय झालं? त्यात नाताळचा आठवडा गेला, ते नुकसान माझंच. बिल वहीच्या पानावर: मजुरी २,८००, वजनं ४,५००, बेल्ट आम्ही दिला. जीएसटीची पावती हवी असेल तर तिथे जाऊ नका. बायकांसाठी बाथरूम नाही. मंगळवारी बंद.

निघताना जुनी हलकी वजनं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली, वर पेनाने लिहिलेलं 'हिमाचल'. म्हणाला, टाकू नका, गाडी परत वर विकायची झाली तर गिऱ्हाईक मागेल. ती आता देव्हाऱ्याच्या खणात आहेत. मुलाकडे दिली असती तर हरवलीच असती.