रॅव्हलरी: नमुना शोधायला उत्तम, हात सुधारायला शेजारी माणूसच हवं

सुया आणि क्रोशा चालवणाऱ्यांसाठीची रॅव्हलरी ही साइट २००७ पासून चालू आहे आणि खातं उघडायला पैसे लागत नाहीत. नमुने शोधायचे, आपल्याकडची लोकर आणि सुया नोंदवून ठेवायच्या, अर्धवट राहिलेल्या कामांची यादी करायची, यासाठी ती फार चांगली आहे. पण तिच्या भरवशावर सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर विणायला बसणं बंद केलं, तर स्वेटर बिघडतात.

आधी चांगलं. शोधाच्या पानावर लोकरीची जाडी, लागणारी लांबी, सुईचं माप, फुकट की विकत, अशा चाळण्या लावता येतात. यातली लांबीची चाळणी सगळ्यात कामाची. आपल्याकडे लोकर ग्रॅमवर विकत घ्यायची सवय, नमुन्यात मात्र यार्ड किंवा मीटर असतात. ४०० यार्ड म्हणजे साधारण ३६६ मीटर. गुंड्यावर ५० ग्रॅमला ११० मीटर लिहिलं असेल, तर तीनाहून थोडे जास्त गुंडे लागतात, म्हणून चार घ्यायचे, आणि एकाच वेळी रंगवलेल्या लॉटचा पाचवाही घेऊन ठेवायचा. लेबलवर लांबी छापलेली नसेल तर दहा मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, बाकी त्रैराशिक. अशा काट्यावर एखाद्या ग्रॅमचा फरक पडतोच, म्हणून जास्त धागा मोजला तर हिशेब जास्त खरा.

आकड्यांची दुसरी गंमत सुयांत. आपल्या जुन्या सुयांवरचा ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. आपला नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांचा वाढला की जाड. त्यामुळे दुकानात नंबर न मागता मिलिमीटर मागा. 'चार प्लाय' या शब्दावरही जाऊ नका. प्लाय म्हणजे धाग्यातले पदर; चार पदरी धागा बारीकही असतो आणि चांगला जाडही. क्रोशाचा नमुना असेल तर पानावर अमेरिकन की ब्रिटिश परिभाषा ते आधी बघा. अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'डबल', आपला मुका खांब. हे उलट झालं की टोपडं दुप्पट उंच होतं.

नमुन्याच्या पानावर तोच नमुना विणलेल्या इतरांचे फोटो आणि टिपा असतात. डिझायनरचा फोटो नंतर बघा, आधी या टिपा वाचा. गळा घट्ट झाला, बाही लांब झाली, अ‍ॅक्रिलिकमध्ये किनार गुंडाळली गेली, हे इथेच कळतं. बऱ्याच जणांनी एकच तक्रार लिहिली असेल, तर दोष नमुन्यातच आहे असं धरून चाला.

आता जिथे साइट कमी पडते ते. मुंबई-पुण्यात आपण बहुतेक अ‍ॅक्रिलिक विणतो, नमुने बऱ्याचदा खऱ्या लोकरीसाठी लिहिलेले. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके हवेत आणि आपले २० येतात, हा फरक कोणालाच मोठा वाटत नाही. पण ९० सेंटिमीटर छातीसाठी घातलेले १९८ टाके मग ९९ सेंटिमीटर भरतात. म्हणून आधी मापासाठी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, आणि मधले १० सेंटिमीटर मोजा. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, वीण कायमची लोळते.

मापाचा चौकोन स्वेटरशी जुळत नाही याचं एक कारण लिहून विचारलं तर सापडणं अवघड. उलट टाका घालताना काही जणी धागा सुईवरून न घेता खालून ओढतात. पटकन होतं, म्हणून सवय लागते. पण त्याने टाक्याच्या फासाचा पुढचा पाय सुईमागे जातो, आणि पुढच्या ओळीत नेहमीसारखं सुलट विणलं की टाका पिळतो, वीण घट्ट होते. गोल सुईवर नुसतं सुलट विणताना उलट टाकेच नसतात, म्हणून तिथे हात मोकळा. सरळ सुयांवरचा मागचा-पुढचा भाग घट्ट, गोल सुईवरच्या बाह्या सैल! फोटोवरून पिळलेले टाके दिसतील, पण का पिळले ते शेजारी बसलेली बाई दोन टाके बघून सांगेल. उपाय सोपा आहे: अशा टाक्यात सुई मागच्या बाजूने घाला, किंवा धागा वरून घ्यायची सवय लावा.

म्हणून कामाची वाटणी करा. जाळीची वीण, गुंतागुंतीचा चार्ट घरी, शांतपणे. चौघींत बसताना बाही, मफलर, बाळाचं साधं ब्लँकेट. पिशवीत टेप, टाक्यांच्या खुणेच्या रिंगा (मार्कर), मोठ्या नेढ्याची सुई आणि वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा हवा. जाळी न्यायचीच असेल तर दर दहा ओळींनी हा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. गप्पांत चूक झाली तर तिथपर्यंतच उसवावं लागेल. ऑनलाइन विचारणार असाल तर दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो, ओळीचा क्रमांक आणि सुईवरचे मोजलेले टाके द्या. 'काहीतरी चुकलंय' याला उत्तर मिळत नाही.

ऑनलाइन ओळखीतून मोठं काम होऊ शकतं. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या ऑनलाइन जमलेल्या गटाने ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज विक्रम केला. चौकोन घरोघर विणता येतात, जोडायला मात्र एका मैदानावर यावंच लागतं.

दोन उणिवा. २०२० मध्ये साइटचं रूप बदललं तेव्हा डोकेदुखी आणि मायग्रेनच्या पुष्कळ तक्रारी झाल्या. डोळ्यांना त्रास होत असेल तर नमुना छापून घ्या, पेन्सिलने ओळी खोडत विणणं तसंही सोपं. आणि विकतच्या नमुन्यांचे दर बहुधा परकीय चलनात असतात, वर बँकेचा आकार. म्हणून एकीने घेतलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. ते करू नका, नमुना बनवणारीचं पोट त्यावरच असतं. घेतलेल्या मैत्रिणीकडे बसून तिच्याच कागदावरून विणून बघा, आवडला तर स्वतःसाठी घ्या.