चेनस्टेखालचा ब्रेक : जुन्या स्टील माउंटन बाइकचे नऊ महिने

टायर पंक्चर झाला नाही, कापला गेला. मागच्या चाकाच्या डाव्या कडेला बोटभर लांब, सुरीने चिरल्यासारखी रेघ, आणि आतले धागे बाहेर. जेमतेम दोन महिने चाललेला, 42 डॉलरचा टायर. कॅलिफोर्नियातल्या चायना कँप उद्यानाच्या वाटेवर कुठेही काच नव्हती, टोकदार दगड नव्हता. घरी येऊन सायकल उलटी केली तेव्हा कळलं की टायर आमच्याच ब्रेकने कापलाय.

सायकल 1987 ची. जपानमध्ये बनलेली क्रोमोली स्टीलची फ्रेम, 26 इंची चाकं, सस्पेन्शन नाही. जूनमध्ये फ्रीमाँटला एका गराज सेलमध्ये घासाघीस करून 140 डॉलरला मिळाली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खोड तिच्या एकटीची नाही. त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी कंपन्यांनी मागचा ब्रेक उचलून चेनस्टेच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाच्या मधोमध जाणाऱ्या नळ्यांच्या, पोटाखाली नेऊन बसवला. या ब्रेकला यू-ब्रेक म्हणतात.

त्याचं दुखणं नीट समजून घ्या, जुनी सायकल बघायला जाल तेव्हा उपयोगी पडेल. यू-ब्रेकचे हात ज्या खुंट्यांवर फिरतात त्या रिमच्या पलीकडे, टायरच्या बाजूला असतात. ब्रेकचं रबर नवं असताना ते रिमवर बरोबर बसतं. झिजत गेलं की हात जास्त आत येतो आणि रबर थोडं थोडं करत टायरकडे सरकतं. एक दिवस त्याची टायरकडची कड टायरच्या कुशीला लागते, आणि मग प्रत्येक उतारावर ती कुशी कुरतडली जाते. कँटिलिव्हर या दुसऱ्या प्रकारच्या ब्रेकच्या खुंट्या रिमच्या आतल्या बाजूला असतात, तिथे झिजलेलं रबर आऱ्यांकडे घसरतं, टायर वाचतो. पुढच्या चाकाला कँटिलिव्हरच आहे, त्याने इतक्या महिन्यांत एकदाही त्रास दिलेला नाही.

वर चिखल. इकडे नोव्हेंबरपासून पाऊस धरतो आणि माती कणकेसारखी चिकट होते. चेनस्टेच्या खाली, पेडलच्या मागे, म्हणजे सगळा राडा नेमका जिथे साचतो तिथेच हा ब्रेक. दर अर्ध्या तासाने थांबून काडीने माती उकरायची. दुकानात नेली तर सायकल स्टँडवर न चढवताच सांगितलं, याचे भाग ठेवत नाही, नवीन घ्या. 42 डॉलरच्या टायरसाठी दोन हजारांची सायकल! विकत घेऊ नका, असा सल्ला देऊन मी हे संपवणार होतो.

इथपर्यंतचं डिसेंबरात लिहिलेलं. आता मार्च आहे आणि माझं मत बदललंय.

जानेवारीत फेअरफॅक्सला गेलो. तिथे मरिन म्युझियम ऑफ बायसिकलिंग आहे आणि माउंटन बाइकचं हॉल ऑफ फेमही तिथेच. गावाबाहेरच रीपॅक नावाची वाट, जवळपास 2 मैलांत 1,300 फूट उतार. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली शर्यत झाली. जुन्या श्विन एक्सेल्सियरसारख्या अवजड सायकली, मागे पेडल उलटं दाबून लागणारा कोस्टर ब्रेक. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा, हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, त्यावरून वाटेचं नाव रीपॅक. म्हणजे या सगळ्या प्रकरणाची सुरुवातच ब्रेकच्या तक्रारीतून झालेली आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिथे शर्यत करणाऱ्या जो ब्रीझने 1977 मध्ये डोंगरासाठी म्हणून क्रोमोलीची नवी फ्रेम बांधली, त्या खेपेत एकूण दहा. 1979 पासून टॉम रिची या कारागिराच्या फ्रेम गॅरी फिशर आणि चार्ली केली विकू लागले. चार्ली कनिंगहॅमने त्याच वर्षी जाड नळ्यांची ॲल्युमिनियम सायकल केली. त्याचा रोलर-कॅम नावाचा, यू-ब्रेकसारख्याच खुंट्यांवर बसणारा ब्रेक पुढे सायकलचे भाग बनवणाऱ्या सनटूर कंपनीने बाजारात आणला. असे जोरकस ब्रेक दाबले की बारीक सीटस्टे, म्हणजे सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या, बाहेर फाकतात आणि ताकद वाया जाते. चेनस्टे जाड असतात, म्हणून ब्रेक खाली गेला. मूर्खपणा नव्हता तो. कोरड्या उतारावर हा ब्रेक खरोखर घट्ट धरतो, हे मीही कबूल करतो. रबर महिन्याला तपासून टायरपासून लांब सरकवलं असतं तर टायरही वाचला असता. माझी चूक.

चिखलाचं मात्र उत्तर नव्हतं. ते मिळालं रिचीच्या कामातून. रस्त्याच्या सायकलींच्या नळ्या जोडायला तयार लग, म्हणजे नळ्यांची टोकं आत बसतील असे धातूचे सांधे, मिळायचे, पण डोंगरी सायकलला जाड नळ्या आणि वेगळे कोन हवे, त्या मापाचे लग नव्हते. रिची लगशिवाय, पितळ वितळवून नळ्या जोडायचा आणि सांधा कानशीने घासून गुळगुळीत करायचा. म्हणजे स्टील तापवून त्यावर पितळाने नवी खुंटी बसवता येते, आणि तीही 38 वर्षं जुन्या फ्रेमवर. उष्णताप्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियमला असं तापवलं तर त्याची ताकद जाते.

सांता क्रूझकडे फ्रेम बांधणाऱ्या एकाने सीटस्टेवर कँटिलिव्हरच्या दोन खुंट्या बसवायचे 120 डॉलर सांगितले, रंग वेगळा. 140 च्या सायकलला 120. नाकापेक्षा मोती जड, असं बायको म्हणाली, आणि आठवडाभर मीही तेच म्हणत होतो. मग टायरचे 42 आणि नव्या सायकलचे दोन हजार मांडून बघितले आणि फ्रेम सोडून आलो.

त्याने मला समोर उभं राहू दिलं. आधी सँडपेपरने रंग काढून स्टील चकचकीत केलं, पितळ नीट धरावं म्हणून फ्लक्सचा लेप लावला, मग ज्वाला गोल गोल फिरवत राहिला. स्टील लालभडक झालं, पितळाची सळई टेकवली आणि पितळ खुंटीच्या बुडाभोवती पाण्यासारखं पसरलं. दोन मिनिटंही लागली नसतील.

रंग मी दिला नाही, वीस डॉलरचा प्रायमरचा डबा आणून स्वतः मारला. जुने कँटिलिव्हर हात 25 ला मिळाले. केबल अडकवायचा हँगर सीटच्या बोल्टवर, केबल वरच्या नळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली. दिसायला ओबडधोबड आहे.

गेल्या रविवारी भर पावसात तीन तास चालवली. चेनस्टेखालच्या जुन्या खुंट्या कापून घेतल्या नाहीत. त्यांच्यावर मातीचे लाडू जमले होते, आणि चाक त्यांच्यामधून मोकळं फिरत होतं.