ओबीडी स्कॅनर, सात महिन्यांनंतर: हायवेवर गरम होणारी गाडी आणि झोपलेला काटा

शहरात सिग्नलला कितीही वेळ उभी राहिली तरी आमच्या गाडीचा इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलायचा नाही. हायवेला मात्र शंभरच्या वेगाने अर्धा तास धावली की काटा एकदम उडी मारून लाल पट्ट्याकडे जायचा. वेग उतरवला की पाच मिनिटांत परत जागेवर. गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी वागायची. मेकॅनिकने आधी फॅनचा स्विच बदलला, मग थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप). फरक शून्य. त्या वैतागात हा ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये लावला की तिच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवरच्या ॲपला दाखवणारं यंत्र.

लावला की बिघाडाचा कोड येईल आणि कोड आला की बिघाड कळेल, अशी भाबडी समजूत होती. एकही कोड आला नाही. दोन दिवस तर पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. खरा माल लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सर त्या क्षणी देत असलेल्या आकड्यांत आहे, हे उशिरा उमगलं.

पहिला भ्रम तुटला तो काट्याबद्दलचा. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. आमच्याकडे स्कॅनर ८८ अंश दाखवत होता तेव्हा काटा मध्यावर, आणि १०५ दाखवत होता तेव्हाही मध्यावर. म्हणजे काटा हलेपर्यंत निम्मं रामायण होऊन गेलेलं असायचं!

मग बायको चालवायला आणि मी शेजारी फोन घेऊन, असे तीन रविवार काढले. (एकटे असाल तर ॲपमध्ये आकड्यांची नोंद सेव्ह होऊ द्या आणि घरी जाऊन बघा. चालवताना आलेखाकडे बघू नका.) ६० च्या वेगाला ९० अंश. शंभरला दहा मिनिटांत ९८. चढ लागला की १०७. पाय उचलला की आकडा उतरायला लागायचा. उभ्या गाडीत ९७ ला फॅन सुरू व्हायचा आणि ९१ ला बंद. फॅन तिथेच निर्दोष सुटला, कारण हायवेच्या वेगाला समोरून येणारा वाराच त्याचं काम करतो. थर्मोस्टॅट नवा घातल्यावरही आलेख तसाच होता, तेव्हा तोही सुटला.

उरले वॉटर पंप, खालचा होज पाइप आणि रेडिएटर. खालचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, जुना झाला की जास्त आरपीएमला आत चेपतो आणि पाणी अडतं. बॉनेट उघडून रेस दिली, पाइप चेपला नाही. मग हायवेवर चढाला हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल केला. भर उन्हात खिडक्या उघड्या ठेवून आम्ही घामाघूम, पण आकडा १०७ वरून १०१ वर आला आणि हवा चटका देणारी येत होती. म्हणजे पंप पाणी फिरवत होता. पाण्यातली उष्णता बाहेर पडायला जागा कमी पडत होती, आणि हीटरचा इवलासा रेडिएटर जोडीला आल्यावर लगेच फरक पडला.

शेवटचा पुरावा स्कॅनरने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटरने दिला. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो चुकीचा आकडा देतो, म्हणून रेडिएटरवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवून मोजलं. खालचा साधारण एक तृतीयांश भाग बाकीच्यापेक्षा वीसेक अंशांनी थंड! तिथून पाणी जातच नव्हतं. रेडिएटर काढला तर त्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. दोष माझाच, वर्षानुवर्षं कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतत होतो. शिवाय एसीच्या कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे धूळ आणि किड्यांची गोधडी. ओझं नसलेल्या इंजिनाला उरलेल्या नळ्या पुरत होत्या, हायवेच्या ओझ्याला नाही. नव्या रेडिएटरनंतर त्याच चढाला, त्याच वेगाला ९४ च्या वर आकडा गेलेला नाही.

आता तक्रारी. एका वेळी सात-आठ आकडे मागितले की स्कॅनर रांगत चालतो, दोन-तीनच ठेवा. अधूनमधून ब्लूटूथ तुटतं. साधं ब्लूटूथवाला बहुधा आयफोनला चालत नाही, त्याला बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो. डब्यावर ईएलएम३२७ हे आतल्या चिपचं नाव लिहिलेलं असतं, पण स्वस्तातले बहुतेक नकली चिपचे असतात आणि काही गाड्यांशी बोलतच नाहीत. घेताना परत करण्याची सोय आहे का ते बघा.

एक धोका कुणी सांगत नाही. कूलंट गळून पातळी खाली गेली तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि आकडा उलट कमी दाखवू शकतो. इंजिन तापलेलं असताना आकडा अचानक पडला आणि हीटरची हवा गार झाली, तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत साधारण एक बार जादा दाब असतो, म्हणूनच शंभरच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण सैल केलं की ते क्षणात उकळून अंगावर येतं.

आता ॲपमध्ये १०२ ला अलार्म लावलाय आणि स्कॅनर ग्लोव्हबॉक्समध्ये असतो, लांबच्या प्रवासालाच लावतो. मधे एकदा सॉकेटमध्ये विसरलो, गाडी नऊ दिवस उभी होती, दहाव्या दिवशी बॅटरी उतरलेली, धक्का मारावा लागला.