गेन्शिन की ब्रेथ ऑफ द वाइल्ड: कुठला त्रास पत्करायचा?

हिरवेगार डोंगर, कड्यावर चढणारं एकटं पोर आणि माथ्यावरून तरंगत खाली उतरणं. 'गेन्शिन इम्पॅक्ट' आणि 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' यांचे व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले तर नवख्याला फरक चटकन कळणार नाही. पहिला गेम फुकट, हातातल्या फोनवर चालणारा. दुसरा विकतचा, शिवाय त्यासाठी आधी निन्टेंडोचं मशीन हवं. मग फुकटचा असताना विकतचा कशाला? दोन्ही गेम माणसाला वैतागवतात हे आधीच सांगतो. पण किंमत बघण्याआधी ते कशासाठी वैतागवतात ते बघा.

२०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये हत्यारं मोडतात. फांदी तर चार-पाच फटक्यांत जाते, चांगली तलवारही ऐन मारामारीत दगा देते. यावर लोक आजही भांडतात. पण हत्यार मोडायला आलं की स्क्रीनवर सूचना येते, आणि तेव्हा ते फेकून मारलं तर दुप्पट लागतं. मग समोरच्याचाच भाला उचलायचा आणि लढत राहायचं. विजा कडाडत असताना पाठीवरचं लोखंड ठिणग्या टाकायला लागलं की ते घाईघाईने उतरवावं लागतं. तेच लोखंड शत्रूंच्या घोळक्यात टाकलं की वीज त्यांच्यावर पडते! हे कोणी शिकवत नाही, स्वतःलाच सुचतं. पावसात कड्यावरून घसरणं मात्र मला कधीच पटलं नाही. अर्ध्यावर चढल्यावर सर आली की सगळी मेहनत पाण्यात. आडोसा शोधून, शेकोटी पेटवून वेळ काढायचा, किंवा दुसरी वाट धरायची. पण या कुठल्याही अडचणीवर पैसे भरून सुटका नाही. उपाय शोधायचा तो खेळातच.

गेन्शिन आला सप्टेंबर २०२० मध्ये. त्याचं जग खरोखर सुंदर आहे, संगीत तर फारच, आणि भटकण्याला किंवा मुख्य कथेला पैसे पडत नाहीत. त्रास सुरू होतो तो पात्रं बळकट करायला घेतली की. त्यासाठी रेझिन लागतं, म्हणजे वेळेनुसार आपोआप भरणारी गेममधली शिदोरी. ते दर आठ मिनिटांना एक भरतं आणि २०० वर थांबतं. म्हणजे टाकी साधारण २७ तासांत भरते, आणि त्यानंतर गेम उघडला नाही तर पुढचं वाया. डोमेन म्हणजे बक्षिसासाठी लढायची जागा, तिच्या एका फेरीला २० रेझिन जातं. त्यातून मिळणाऱ्या आर्टिफॅक्टचे, म्हणजे पात्राला बळ देणाऱ्या वस्तूंचे, गुण नशिबावर, त्यामुळे आठवडाभर रोज खेळूनही हवा तो तुकडा हाती लागेलच असं नाही. इथे डोकं चालवून काही साधत नाही. एक तर उद्या या, नाही तर प्रायमोजेम, म्हणजे गेममधलं चलन, मोजून रेझिन भरा.

त्याहून मोठी गोष्ट गाचाची, म्हणजे नशिबावर पात्रं देणाऱ्या सोडतीची. नवं पात्र ठरावीक दिवस चालणाऱ्या सोडतीत, म्हणजे 'बॅनर'वर येतं. सोडतीतल्या एका खेळीला, म्हणजे 'विश'ला, १६० प्रायमोजेम लागतात आणि पंचतारांकित, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० व्या विशपर्यंत काहीतरी पंचतारांकित नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. पहिल्यांदा हुकलं तर पुन्हा ९० पर्यंतचा प्रवास. सर्वांत मोठं पॅकेज अमेरिकेत ९९.९९ डॉलरला आहे, नेहमीच्या बोनससकट त्यात ५० विश होतात. आता ९० चा हिशेब तुम्हीच करा. आधी डॉलर देऊन गेममधली रत्नं, मग रत्नांचे प्रायमोजेम, मग प्रायमोजेमच्या विश. या अदलाबदलीत आपण नेमके किती रुपये घालवले हे मोठ्या माणसालाही पटकन कळत नाही, मग शाळकरी मुलाला काय कळणार? जानेवारी २०२५ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमक्या अशाच मुद्द्यांवर गेन्शिनच्या तिथल्या प्रकाशकाशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेली अशी खरेदी, विकायचे नाहीत, ही त्यातली एक अट.

म्हणून घरात शाळकरी मूल असेल तर मी बिनदिक्कत झेल्डा घ्या म्हणेन. इंटरनेट लागत नाही, जेवायला हाक आली की मशीन झोपवून ठेवता येतं, आठवडाभर हात लावला नाही तरी काही बुडत नाही.

तुम्ही स्वतः कमावते असाल आणि नवं मशीन घेणं आत्ता शक्य नसेल, तर गेन्शिन जरूर खेळा, पण माझ्या पद्धतीने. फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका. डेली, म्हणजे रोजची ठरलेली कामं, चुकल्या तर चुकू द्या. रेझिन वाया जातंय म्हणून रात्री बाराला गेम उघडू नका. फुकट मिळालेली पात्रं घेऊन नुसते डोंगर पालथे घाला, महिनोन्महिने पुरतील. मित्रांसोबत खेळायचं असेल तर इथे गेन्शिनच सरस, झेल्डात ती सोयच नाही.

झेल्डासाठी निन्टेंडोचं मशीन, म्हणजे स्विच, वापरलेला मिळाला तरी चालेल. गेम मात्र डाउनलोड न करता कार्ट्रिजवर घ्या. मन भरलं की ती दुसऱ्याला विकता येते.