लग्न कोणत्या कायद्याने? मुंबईतल्या आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांसाठी

धर्मांचं वेगळेपण सांभाळताना आपल्या सरकारने लग्नाच्या बाबतीत दोन्ही सोयी ठेवल्या: ज्याचा त्याचा विवाह कायदा, आणि कुठल्याही धर्माच्या कुणालाही चालणारा १९५४चा विशेष विवाह कायदा. निवड करताना बहुतेक जण किती दिवस लागतील एवढंच बघतात. बघायचं असतं ते वारशाचं.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल, तर १९५५चा हिंदू विवाह कायदा सोपा. जात आडवी येत नाही, नोटीस नाही. विधी करा आणि ९० दिवसांत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी उरका: मेमोरँडम, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही. पण वॉर्डात लग्न लागत नाही, लागलेलं नोंदवलं जातं. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

या चार धर्मांपलीकडे दोघांचे धर्म वेगळे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर बहुतेकदा विशेष विवाह कायदाच. हिंदू-ख्रिस्ती जोडप्याने धर्मांतर न करता हिंदू पद्धतीने केलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्दबातल ठरवलं होतं. घाईपोटी ही चूक आजही होते.

या कायद्यात दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात आधीचे सलग ३० दिवस वास्तव्य लागतं. मुंबई शहर आणि उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत, हे विसरू नका. दादरचा पत्ता उपनगरात चालत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली की ती ३० दिवस फलकावर लागते. त्यानंतर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न. मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून. हॉल बुक करण्याआधी हे गणित मांडा.

खरी गोची पुढे आहे. मुलगी मूळची नागपूरची आणि मुंबईत नुसती भाड्याने राहत असेल, तर नोटिशीची प्रत नागपूरलाही जाते आणि तिथे लावली जाते. घरच्यांना कळतं ते तिथून. हरकत मात्र वय, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं किंवा मानसिक असमर्थता एवढ्याच कारणांवर टिकते. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण नव्हे. हरकतीचा निकाल अधिकाऱ्याने ३० दिवसांत द्यायचा असतो.

आता वारसा. हिंदू कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मूल आणि आई यांना समान हिस्सा. विशेष विवाह कायद्याने आंतरधर्मीय लग्न केलं की १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो: मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश आणि आईला काही नाही. फ्लॅट मुलाच्या नावावर आणि आई त्याच घरात, अशी मुंबईत कितीतरी घरं आहेत. शिवाय हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त झाला, असं कायदा मानतो. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर १९७६च्या दुरुस्तीमुळे हे दोन्ही बदल लागू होत नाहीत.

उलट काही मुस्लिम जोडप्यांना वारशातला हाच बदल हवा असतो, कारण मुलगी आणि मुलगा यांचा हिस्सा सारखा होतो. निकाह आधीच झाला असला तरी विशेष विवाह कायद्याच्या कलम १५खाली त्याची नोंदणी करता येते. तिथेही ३० दिवसांची जाहीर सूचना आहेच. बाकी आंतरधर्मीय जोडप्यांनी लग्नाच्या फाइलबरोबरच मृत्युपत्रही करून टाकावं, आईचं नाव घालून.